पाळीव न्यूट : वर्तन आणि आरोग्य

काचेच्या पात्रात राहणारा एक लहानसा प्राणी एके दिवशी पाण्यातून बाहेर येतो, काचेला चिकटून वर चढतो आणि पाण्यात परत जाण्याचे नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशीही तो तेथेच असतो. समोर टाकलेल्या गांडुळाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. ज्याने त्यास पाळले आहे त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : हा प्राणी आजारी आहे, की हा त्याचा स्वभावच आहे?

कुत्रा दुखले-खुपले तर कण्हतो, मांजर ओरडते. न्यूट मात्र जवळजवळ मुका असतो. त्याची प्रकृती त्याच्या वर्तनावरूनच ओळखावी लागते. परंतु येथे एक अडचण आहे. एकच वर्तन कधी निरोगीपणाचे असते, तर कधी मरणाच्या वाटेवरचे. पाण्याबाहेर येणे हे ऋतुमानाप्रमाणे घडलेले असू शकते किंवा पाणी विषारी झाल्यामुळेही घडलेले असू शकते. म्हणून केवळ प्राण्याकडे पाहून भागत नाही; त्याच्या भोवतीचे पाणी, उष्णता आणि ऋतू ह्यांकडेही पाहावे लागते. हे कसे करावे, हा ह्या पाठाचा विषय आहे.

न्यूट म्हणजे कोण?

उभयचर प्राण्यांचे तीन गट आहेत. शेपटी नसलेले बेडूक व भेक हा पहिला गट, पाय नसलेले देवगांडूळ हा दुसरा आणि शेपटी असलेले सॅलॅमँडर हा तिसरा. न्यूट हा ह्या तिसऱ्या गटातील आहे. प्रथमदर्शनी तो सरड्यासारखा वाटतो. परंतु सरड्याच्या अंगावर खवले असतात व बोटांना नख्या असतात, न्यूटास ह्यांपैकी काहीच नसते. सह्याद्रीच्या जंगलात बेडूक विपुल आहेत, देवगांडूळही आढळतात; न्यूट मात्र महाराष्ट्रात कोठेच नाही. भारतात तो फक्त पूर्व हिमालयात व ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशात राहतो.

युरोप, अमेरिका व जपान ह्या प्रदेशांत न्यूट हौसेने पाळले जातात. त्यांपैकी जपानी लाल पोटाचा न्यूट विशेष प्रसिद्ध आहे. होन्शू, शिकोकू व क्यूशू ह्या बेटांवरील भातखाचरे, तळी व पाण्याचे पाट हे त्याचे मूळ घर. जपानी भाषेत त्यास इमोरी म्हणतात आणि विहिरीचा राखणदार असा त्या नावाचा अर्थ सांगितला जातो. त्याची लांबी साधारणतः ९ ते १३ सेंटिमीटर असते. पाठ काळपट तपकिरी, तर पोट लालभडक असून त्यावर काळे डाग असतात. ह्या पाठातील बहुतेक उदाहरणे ह्याच जातीची आहेत.

ह्या इवल्याशा प्राण्याचे आयुष्य दीर्घ असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानी न्यूटांच्या डोळ्यांतील भिंग १६ वर्षांच्या अवधीत १८ वेळा काढण्यात आले आणि दर वेळी ते नव्याने तयार झाले. प्रयोगाच्या अखेरीस ते न्यूट सुमारे ३० वर्षांचे होते. शरीराचा गमावलेला भाग पुन्हा निर्माण करण्याची ही शक्ती शास्त्रज्ञांना अठराव्या शतकापासून माहीत आहे. स्पालान्झानी ह्या इटालियन निसर्गशास्त्रज्ञाने सॅलॅमँडरांचे पाय व शेपटी पुन्हा उगवतात, हे १७६८ मध्ये नमूद केले होते. तुटलेला पाय परत मिळविणारा हा प्राणी घाणेरड्या पाण्यात मात्र काही दिवसांतच मरू शकतो. ह्याचे कारण त्याच्या त्वचेत आहे.

न्यूटाची त्वचा पातळ व ओलसर असते. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, तसाच त्वचेनेही घेतो. पाणी तो तोंडाने पीत नाही. ते त्वचेतूनच शरीरात जाते. अनेक क्षारांची देवघेवही त्वचेतूनच होते. त्यामुळे पाण्यात जे विरघळलेले असेल त्यातील बरेच काही त्याच्या शरीरातही शिरते. न्यूट आजारी दिसला की प्रथम पाणी तपासावे, असे जे म्हणतात त्याचे मर्म हे आहे.

जे आजारासारखे दिसते, पण आजार नसते

नवख्या माणसास घाबरविणाऱ्या पुष्कळ गोष्टी न्यूटाच्या बाबतीत स्वाभाविक असतात.

पहिली गोष्ट कात टाकण्याची. ओठांपाशी त्वचेचा पातळ थर सुटतो. न्यूट अंग घासतो, वळवळतो आणि तो थर शेपटीकडे सरकवीत काढतो. सुटलेली कात तो बहुधा खाऊन टाकतो. पाण्यात तरंगणारी धुरकट, पारदर्शक त्वचा पाहून बुरशी आली असे वाटते. परंतु कातेखालची त्वचा स्वच्छ व तुकतुकीत असेल तर काळजीचे कारण नाही.

दुसरी गोष्ट शेपटीच्या थरथरण्याची. विणीच्या हंगामात नर मादीच्या वाटेत आडवा उभा राहतो, शेपटी स्वतःच्या अंगाकडे वळवितो आणि ती झपाझप हलवू लागतो. पाहणाऱ्यास वाटते की त्यास आकडी आली. वस्तुतः तो मादीची मनधरणी करीत असतो. नराच्या शरीरातून पाण्यात एक गंधद्रव्य सोडले जाते व शेपटीच्या हालचालीने ते मादीच्या नाकाकडे ढकलले जाते. हे द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये शोधून काढले. दहा अमिनो आम्लांच्या त्या लहानशा साखळीस त्यांनी सोडेफ्रिन असे नाव दिले. प्राचीन जपानी काव्यात प्रिय व्यक्तीला खुणावण्यासाठी अंगरख्याची बाही हलविण्याचा उल्लेख येतो. त्या शब्दावरून हे नाव घेतलेले आहे. ह्याच काळात नराच्या शेपटीच्या बुडाशी, पोटाकडील बाजूस, सूज आल्यासारखा फुगवटा येतो आणि शेपटीवर निळसर झाक दिसू लागते. ही सूज रोगाची नव्हे.

तिसरी गोष्ट अंग आखडण्याची. अचानक डिवचले असता न्यूट पाठ खाली वाकवून डोके व शेपटी वर उचलतो आणि काही वेळ तसाच ताठ राहतो. अशा वेळी त्याचा लाल रंग शत्रूच्या नजरेस पडतो. हा इशारा पोकळ नसतो. केंड माशात सापडणारे टेट्रोडोटॉक्सिन हे तीव्र विष जपानी न्यूटाच्या त्वचेतही असते. म्हणून त्यास हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. तोपर्यंत डोळ्यांस वा तोंडास हात लावू नये.

चौथी गोष्ट ऋतूंची. थंडीत न्यूटाची हालचाल मंदावते व भूक कमी होते. थंड रक्ताच्या प्राण्याचे ते साहजिक वर्तन आहे. काही जातींत आयुष्याचा एक भाग जमिनीवरच जातो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील लाल ठिपक्यांचा न्यूट डिंभावस्था संपल्यावर नारिंगी रंगाचा होऊन जंगलात जातो आणि साधारणतः २ ते ७ वर्षांनी, प्रौढ झाल्यावर, पाण्यात परततो. अशा वयाच्या न्यूटास बळेच खोल पाण्यात ठेवले तर तो बुडूनही मरू शकतो.

जे साधे दिसते, पण धोक्याचे असते

ह्याउलट काही लक्षणे दिसावयास किरकोळ, पण परिणामी गंभीर असतात.

नेहमी पाण्यात राहणारे न्यूट हंगाम नसताना एकाएकी बाहेर येऊ लागले आणि तेही सर्व एकाच वेळी, तर दोष बहुधा पाण्याचा असतो. आठवड्यातून अनेकदा कात टाकली जात असेल तर त्वचेची आग होत आहे असे समजावे. न्यूट पृष्ठभागावर तरंगत राहिला व प्रयत्न करूनही त्यास तळाशी जाता येत नसेल, तर शरीरात वायू वा पाणी साठले असण्याचा संभव असतो. नुसते हवा घेण्यासाठी वर येऊन पुन्हा खाली जाणे वेगळे. अंग सर्व बाजूंनी फुगणे हे मूत्रपिंड, हृदय किंवा लसीकाभिसरण बिघडल्याचे अथवा जीवाणूंच्या संसर्गाचे चिन्ह असू शकते. जखमेवर कापसाच्या पुंजक्यासारखे काही दिसले तर ती पाण्यातील बुरशी होय. ती बहुधा आधीच दुबळ्या झालेल्या त्वचेवर वाढते. मांड्या व पोटाची त्वचा रक्त साकळल्यासारखी लाल होणे हे जीवाणुजन्य रोगाचे लक्षण असून त्यात प्राण्याचा झपाट्याने अंत होऊ शकतो. लाल पोटाच्या जातीत हा फरक सहज लक्षात येत नाही. त्यासाठी निरोगी अवस्थेतील डागांचे चित्र वा छायाचित्र आधीच जवळ असावे.

खाण्याच्या तक्रारींची कारणे अनेक असतात. नव्या जागी आलेला न्यूट काही दिवस अन्नास शिवत नाही, हे स्वाभाविक आहे. परंतु भूक बंद होऊन शेपटीचे बूड बारीक पडू लागले, पाठीचा कणा वर दिसू लागला, तर ते दुर्लक्षण्यासारखे नाही. तळाशी बारीक खडे घातलेले असल्यास अन्नाबरोबर एखादा खडा गिळला जाऊन आतड्यात अडकतो. म्हणून तळाशी तोंडात न मावणारे मोठे गोटेच ठेवावेत. दोन न्यूट एकाच गांडुळावर झेपावले तर एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडात सापडतो. असा तुटलेला पाय पुढे उगवतो. पण जखम भरेपर्यंत पाणी अत्यंत स्वच्छ असावे लागते.

पाणी आणि उष्णता

स्वच्छ दिसणारे पाणी शुद्धच असते असे नाही. न्यूटाची विष्ठा व उरलेले अन्न कुजले की अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तळ्यातील गाळात व दगडांवर असणारे काही जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटात करतात; दुसरे जीवाणू नायट्राइटाचे नायट्रेट बनवितात. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही विषारी आहेत; नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. नव्या पात्रात हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. पात्र सजवून त्याच दिवशी प्राणी आत सोडण्याची घाई पुष्कळदा त्याच्या जिवावर बेतते, ती ह्यामुळेच. एकदा वसलेले जीवाणू जपावेही लागतात. पात्र साबणाने घासून व सर्व पाणी एकदम बदलून त्यांचा नाश करू नये. दर आठवड्यास थोडे पाणी काढून तितकेच ताजे घालणे बरे.

ताजे पाणीही निर्धोक असावे लागते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्यास तो बहुतेक उडून जातो. काही शहरांत मात्र क्लोरामीन वापरतात आणि तो अशा रीतीने जात नाही. त्यासाठी क्लोरीन नष्ट करणारे द्रव्य वापरावे लागते. तांब्याच्या भांड्यात साठविलेले पाणी माणसास चालते. न्यूटास ते अपायकारक ठरू शकते.

उष्णतेचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. जपानी न्यूटास १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. २५ अंशांवर फार दिवस राहिल्यास त्याची प्रकृती ढासळते. ह्यामागील एक कारण साध्या आकड्यांवरून कळेल. १० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २० अंशांस ९.१ मिलिग्रॅम आणि ३० अंशांस केवळ ७.६ मिलिग्रॅम. पाणी तापले की प्राण्याची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो. त्यातच उष्ण व अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो. उन्हाळ्यात खिडकीशी ठेवलेल्या पात्रातील न्यूट पाण्याबाहेर का येतो, हे ह्यावरून ध्यानात येईल.

तपासणीचा क्रम

विचित्र वर्तन दिसताच औषध शोधण्याआधी पुढील क्रमाने पाहावे.

१. तापमापक पाण्यात धरून तापमान नोंदवावे.

२. अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट ह्यांची परीक्षा करावी. अमोनिया व नायट्राइट शून्य असावेत.

३. कोणता महिना आहे, विणीचा हंगाम आहे काय, प्राणी कोणत्या वयाचा आहे, हे पाहावे.

४. हे वर्तन एकाच प्राण्याचे आहे की सर्वांचे, हे पाहावे. सर्वांचे असल्यास पाणी वा उष्णता संशयास्पद. एकाचेच असल्यास जखम, रोग किंवा इतरांचा त्रास ह्यांचा विचार करावा.

५. पात्रात नवा प्राणी, नवी वनस्पती किंवा नवे अन्न केव्हा आले, हे आठवावे.

दोष सापडला नाही किंवा प्राणी खालावतच गेला, तर त्यास वेगळ्या भांड्यात, त्याच तापमानाच्या क्लोरीनरहित उथळ पाण्यात ठेवावे आणि ते पाणी रोज बदलावे. विसाव्यासाठी पाण्याबाहेर एक ओला दगड असावा. हाताळणे कमीत कमी असावे. माणसाच्या कोरड्या व उबदार हाताचा स्पर्श त्या नाजूक त्वचेस बाधक असतो. माशांची औषधे अंदाजाने घालू नयेत, कारण माशास सोसणारी मात्रा न्यूटाच्या त्वचेतून घातक प्रमाणात आत जाऊ शकते. उपचार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच व्हावा आणि त्यास दाखविण्यासाठी वरील नोंदी लिहून ठेवाव्यात.

निरोगी दिसणारा वाहक

इतके निरीक्षण केले तरी एक धोका उरतो : प्राणी ठणठणीत दिसतो आणि तरीही रोग बाळगून असतो.

नेदरलँड्समधील लिंबर्ग प्रांतातील जंगलात अग्नी सॅलॅमँडर नावाचा काळा-पिवळा प्राणी राहत होता. २०१० पासून तेथे हे प्राणी मेलेले सापडू लागले. २०१३ पर्यंत त्यांची संख्या मूळच्या सुमारे ४ टक्क्यांवर आली. त्याच वर्षी बेल्जियम व नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी ह्या मृत्यूंचे कारण असलेल्या नव्या कवकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या शास्त्रीय नावातील सॅलॅमँड्रिव्होरन्स ह्या पदाचा अर्थच सॅलॅमँडर खाणारे असा आहे. हे कवक त्वचा पोखरून काढते. प्राणी मंद होतो, अन्न सोडतो, त्वचेवर बारीक व्रण पडतात आणि अग्नी सॅलॅमँडर दोन-तीन आठवड्यांत मरतो.

२०१४ मध्ये चार खंडांतील पाच हजारांहून अधिक उभयचरांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांवरून असे दिसले की हे कवक मूळचे आशियातील असून तेथील सॅलॅमँडरांबरोबर ते दीर्घकाळ नांदत आले आहे. जपानी लाल पोटाच्या न्यूटासारख्या काही आशियाई जाती संसर्ग होऊनही महिनोन्महिने तग धरू शकतात. युरोपातील प्राण्यांच्या ठायी अशी प्रतिकारशक्ती नव्हती. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून हे कवक युरोपात पोचले असावे, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

ह्यानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी जानेवारी २०१६ मध्ये सॅलॅमँडरांच्या २०१ जातींच्या आयातीवर निर्बंध घातले. युरोपीय संघाने २०१८ मध्ये अशा प्राण्यांच्या विलगीकरणाचे व तपासणीचे नियम केले. प्रत्येक पाळणाऱ्याने घ्यावयाची काळजीही ह्यातून स्पष्ट होते. नवा न्यूट काही आठवडे वेगळा ठेवावा. एका पात्राची जाळी वा भांडी दुसऱ्यात वापरू नयेत. पात्रातील पाणी ओढ्यात वा तळ्यात ओतू नये. कंटाळा आला किंवा दया आली म्हणून पाळलेला न्यूट रानात सोडणे हे तर कधीही करू नये. एका प्राण्यास दिलेली ती मोकळीक संपूर्ण जंगलाच्या मुळावर येऊ शकते.

भारतातील न्यूट

दार्जिलिंगच्या डोंगरांतील लहान तळ्यांत मिळणारा हिमालयी न्यूट पावसाळ्याच्या सुमारास पाण्यात येतो, पाणवनस्पतींजवळ अंडी घालतो आणि हंगाम संपताच पाणी सोडतो. हिवाळा तो दगडांखाली, ओंडक्यांखाली व ओलसर मातीत काढतो. काचेच्या पात्रात जे वर्तन पाहून पाळणारा चिंतेत पडतो, ते ह्या तळ्याकाठी दरवर्षी ऋतूबरोबर घडते. दार्जिलिंग जिल्ह्यातील जोरपोखरी अभयारण्य ह्याच प्राण्यासाठी प्रसिद्ध आहे. भारतीय न्यूटास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पकडणे वा पाळणे हा गुन्हा होय. हा न्यूट ज्या टायलोटोट्रायटन प्रजातीतील आहे, त्या सर्व प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१९ पासून नियंत्रित झाला आहे. त्याचा अभ्यास त्याच्या तळ्याकाठी बसूनच करावा.

परंतु अशा निरीक्षणासाठी न्यूटच हवा असे नाही. ज्या रीतीने पाळीव न्यूटाचे वर्तन पारखावयाचे, त्याच रीतीने गावच्या तळ्यातील बेडकाचेही पारखता येते. दोघांचीही त्वचा ओली व पातळ असते आणि पाणी बिघडले तर दोघांनाही ते लवकर बाधते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. न्यूट पाण्याबाहेर येण्याची तीन निरनिराळी कारणे सांगा. कोणते कारण खरे, हे ठरविण्यासाठी काय काय तपासाल?

२. पाणी १० अंशांवरून ३० अंशांपर्यंत तापले तर एका लिटरमधील विरघळलेला प्राणवायू किती मिलिग्रॅमने कमी होईल?

३. गावाजवळच्या तळ्याचे तापमान एका दिवशी सकाळी, दुपारी व संध्याकाळी मोजा. त्या त्या वेळी बेडूक कोठे बसलेले दिसतात, ते न पकडता लिहून काढा.

४. निरोगी दिसणारा प्राणीसुद्धा रानात का सोडू नये?